आकड्याचं घराणं

गर्भवतीची सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरपुढे दिवसातून कितीतरी वेळा एकच प्रश्न उभा राहतो. पडद्यावर दिसतंय ते ठीक आहे की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवायचं? पाठ्यपुस्तक, परदेशी संस्थेची गाइडलाइन, कॉन्फरन्समधलं भाषण, यंत्रात कंपनीनेच भरून दिलेला तक्ता, डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरणारी पीडीएफ, की तीस वर्षांत तयार झालेली नजर? पुढच्या संवादात दोन मतं समोरासमोर बसली आहेत. काका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी सेंटर चालवतात. पुतणी रेडिओलॉजीत एमडी होऊन पुण्यात गर्भस्थ बाळांच्या तपासणीचं काम करते. हे दोघे कुणी ठरावीक डॉक्टर नव्हेत, पण असे काका आणि अशा पुतण्या महाराष्ट्राच्या कुठल्याही जिल्ह्यात भेटतील.

काका : तुम्हा नव्या लोकांचं मला एक कळत नाही. पेशंट टेबलावर, प्रोब पोटावर आणि नजर मोबाइलवर. कशासाठी? तर म्हणे गाइडलाइन बघतोय. आम्हाला सरांनी एकच पुस्तक वाचायला लावलं, कॅलनचं. ते वाचलं आणि मग पोटं बघत गेलो. बाकी सगळा गोंगाट.

पुतणी : कॅलन मीही वाचलंय, काका. तुमच्याकडची आवृत्ती कुठली?

काका : चौथी. २००० सालची. दोनदा बाइंडिंग करून घेतलंय.

पुतणी : मग सांगा. दिवस राहून सहा-सात आठवडे झालेत, बाई रक्त जातंय म्हणून आली. आतून सोनोग्राफी केली. गर्भाची लांबी ६ मिलिमीटर, ठोके दिसत नाहीत. रिपोर्टात काय लिहाल?

काका : आमच्या वेळच्या हिशेबाने गर्भ गेला. ५ मिलिमीटरच्या वर लांबी असेल तर ठोके दिसलेच पाहिजेत. आणि नुसतीच पिशवी असेल, तर तिचा व्यास १६ झाला की आत गर्भ दिसला पाहिजे.

पुतणी : अमेरिकन शिकवणीत तेव्हा हेच होतं. ब्रिटनमध्ये ६ आणि २० होते. २०११मध्ये तिकडच्या संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासले. ते फार थोड्या बायकांच्या मोजणीवर उभे होते. शिवाय एवढा लहान गर्भ दोघांनी मोजला तर दोघांच्या मापात फरक पडतोच. म्हणजे चार दिवसांनी ज्याचे ठोके दिसले असते, असा गर्भ कागदावर आधीच मेलेला असू शकत होता. ब्रिटनने त्याच वर्षी आकडे बदलले. २०१३मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. आता गर्भासाठी ७ मिलिमीटर आणि रिकाम्या पिशवीसाठी २५. त्याच्या आत असेल तर निकाल द्यायचा नाही, पुन्हा बघायचं. तुमच्या पुस्तकाने खोटं सांगितलेलं नाही. ते जुनं झालंय, आणि आपण जुने झालो हे कुठलंही पुस्तक स्वतःहून सांगत नाही.

काका : अगं, शंका आली तर आठ दिवसांनी ये म्हणायला मला कुणाचा लेख लागत नाही. ती सावधगिरी सरांनीच शिकवली. आणि तुझे ७ नि २५ हे आतून केलेल्या तपासणीचे आकडे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका आतून तपासायला नको म्हणतात. बरोबर सासू बसलेली असते. पोटावरून बघितलं तर तुझी गाइडलाइन काय करते?

पुतणी : बोलते की त्यावरही. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था म्हणते, पोटावरून बघून ठोके दिसले नाहीत तर माप लिहून ठेवा आणि किमान १४ दिवसांनी पुन्हा बघा. आतून केली असेल तर किमान ७ दिवसांनी. तुमचे आठ दिवस आतल्या तपासणीला पुरेसे आहेत, पोटावरच्या तपासणीला कमी पडतात. सावधगिरी तुमच्याकडे होतीच. ती किती दिवसांची हवी, एवढीच माहिती तिकडून आली.

काका : बरं. हा एक गुण तुझा. आता माझं ऐक. दुपारी माझ्याकडे ग्रोथ स्कॅनला बायका येतात, पिशवीत तीन-तीन रिपोर्ट घेऊन. एकाने डिलिव्हरीची तारीख १० मार्च लिहिलेली, दुसऱ्याने २२ मार्च, तिसऱ्याने थेट २ एप्रिल. तिघांची यंत्रं नवी, तिघांकडे डिग्री, तिघांच्या मोबाइलमध्ये तुझ्या गाइडलाइन. झाला का उपयोग?

पुतणी : झाला नाही, कारण तिघांनी ती वाचली नाही. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरून तारीख काढली, की ती पक्की. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या रॉबिन्सननी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की त्या काळात सगळ्यांची बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात. ही लांबी ८४ मिलिमीटरपर्यंत वापरायची, त्यापुढे डोक्याचा घेर. आणि एकदा ठरलेली तारीख पुढच्या स्कॅनवरून हलवायची नाही. आठव्या महिन्यात बाळ लहान दिसलं म्हणून तारीख पुढे ढकलली, तर वाढ खुंटलेलं बाळ कागदावर एकदम तंदुरुस्त होतं. यंत्र त्या दिवशीच्या मापावरून आपोआप एक तारीख छापतं, आणि आपण ती तशीच सही करून देतो.

काका : यंत्राचं काढलंस ते बरं झालं. यंत्र मला सांगतं, बाळ १५०० ग्रॅमचं, दहाव्या टक्क्याच्या खाली. मी कंपनीच्या माणसाला विचारलं, हा टक्का कुणाचा? तो म्हणाला, सर, ते डीफॉल्ट आहे.

पुतणी : बहुतेक ठिकाणी ते डीफॉल्ट म्हणजे हॅडलॉकचा तक्ता. वजनाचं सूत्र १९८५चं, वाढीचा आलेख १९९१चा. टेक्सासमधल्या ३९२ गर्भवतींच्या मापांवरून काढलेला, बहुतेक गोऱ्या, मध्यमवर्गीय. आपल्या गावची बाई त्या ३९२ जणींच्या शेजारी उभी करून आपण तिचं बाळ लहान की मोठं ते ठरवतो. काका, मुलीला स्थळ आलं की आपण घराणं विचारतो, गाव विचारतो, नोकरी पक्की का विचारतो. या आकड्यांना कुणी काही विचारत नाही. ते यंत्रातून आले म्हणून थेट घरात.

काका : मग नवं स्थळ कुठलं सुचवतेस?

पुतणी : ‘इंटरग्रोथ-२१’. २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. आठ देशांतल्या आठ शहरी भागांत बायकांची नोंदणी झाली, आणि त्यातलं एक शहर आपलं नागपूर आहे. बाकी ऑक्सफर्ड, तुरिन, मस्कत, नैरोबी, सिएटल, ब्राझीलमधलं पेलोटस आणि बीजिंगचा एक भाग. ४,६०७ बायका, सगळ्या निरोगी, नीट खाणाऱ्या-पिणाऱ्या. आणि मोजणाऱ्याला पडद्यावर आकडाच दिसत नव्हता. मापाचा कॅलिपर ठेवायचा, नोंद यंत्रात जायची, पण किती आलं ते त्याला कळायचं नाही.

काका : हे मात्र मला पटलं. हाताला आकडा दिसला की हात तोच आकडा शोधायला लागतो. ३२ आठवडे सांगितलेत ना, मग मांडीचं हाड ३२च्या आसपास येईपर्यंत माणूस प्रोब फिरवत राहतो. मीही फिरवतो. नागपूरच्या बायका त्यात आहेत म्हणतेस, म्हणजे तो आपला तक्ता झाला. लावू का उद्यापासून?

पुतणी : लावा असं मी एका दमात म्हणणार नाही. चांगल्या वातावरणात बाळं जगभर सारखीच वाढतात, हा त्या अभ्यासाचा पाया. २०१५मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासाने म्हटलं, वंशानुसार फरक पडतो. २०१७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांतल्या बायकांवरून आपला वेगळा आलेख काढला. त्यात भारत होता, आणि त्यांनाही देशादेशांत फरक दिसला. तक्ता बदलला की ‘लहान’ ठरणाऱ्या बाळांची संख्याही बदलते.

काका : म्हणजे शहाण्यांचंच एकमत नाही! मग तालुक्यातल्या माणसाने ऐकायचं कुणाचं? तू मला चार नावं दिलीस, चारही मोठी. यापेक्षा माझं पुस्तक बरं, निदान एका तोंडाने बोलतं.

पुतणी : एका तोंडाने बोलतं म्हणून ते खरं ठरत नाही. त्यांचं भांडण उघड्यावर आहे, हीच त्यांच्यावर विश्वास ठेवायची एक जागा आहे. कुणाची मापं, कशी घेतली, कुठे अडलं, सगळं छापलेलं आहे. मी तुम्हाला अमुकच तक्ता वापरा म्हणत नाही. कुठला वापरला ते रिपोर्टावर लिहा, आणि त्या बाईच्या सगळ्या स्कॅनला तोच ठेवा. आज हॅडलॉक, महिन्याने दुसऱ्या सेंटरवर इंटरग्रोथ, अशाने बाळ न वाढताच वाढलेलं दिसेल. आणि तक्ता बदलला तर कॅलिपर ठेवायची रीतही बदलते. हॅडलॉकमध्ये डोक्याची रुंदी कवटीच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. इंटरग्रोथमध्ये बाहेरून बाहेर. जुन्या रीतीने मोजून नव्या तक्त्यात घातलं, तर डोकं उगाचच लहान निघतं.

काका : आता मी बोलतो. या सगळ्या गाइडलाइन लिहिणारे लोक मोठ्या हॉस्पिटलांत बसतात. एका बाईला अर्धा-पाऊण तास, यंत्र कोटीचं, हाताखाली शिकाऊ. माझ्याकडे बाहेर बाकावर दहा जणी, एक एसटी पाचला सुटते. दुसरं म्हणजे जाड पोट, पालथं झोपलेलं बाळ, कमी झालेलं पाणी. गाइडलाइनमधलं चित्र बघ, हृदयाचे चारही कप्पे कसे स्पष्ट. तसं बाळ माझ्याकडे कधी येतं? माहिती मिळवणं सोपं आहे ग. ती त्या पोटावर उतरवायला हात लागतो, आणि हात मोफत डाउनलोड होत नाही.

पुतणी : हे खरंय, आणि आकड्यांतही दिसतं. १९९३मध्ये अमेरिकेत ‘रेडियस’ नावाची मोठी चाचणी छापली गेली, पंधरा हजारांवर बायका. २४ आठवड्यांच्या आत बाळातले दोष किती सापडले? मोठ्या तज्ज्ञ केंद्रांत ३५ टक्के, बाकी ठिकाणी १३. देश एक, पुस्तकं एक, नियमावली एक. फरक हातांचा, यंत्रांचा.

काका : बघ. तुझ्याच लोकांनी माझं म्हणणं सिद्ध केलं.

पुतणी : अर्धं. चांगल्या हातातही ३५च, हे दुसरं अर्धं. नुसत्या अनुभवावर भागत नाही म्हणून तर पुढे लोकांनी हातालाच नियम लावले. पोटाचा घेर घ्यायचा तर आडव्या छेदात जठर दिसलं पाहिजे, यकृतात शिरणारी नाळेची शीर दिसली पाहिजे, मूत्रपिंडं दिसता कामा नयेत. मांडीच्या हाडाची दोन्ही टोकं स्पष्ट हवीत. डोक्याच्या छेदात थॅलॅमस हवा, लहान मेंदू नको. प्रत्येक गोष्टीला एक गुण. हे तालुक्यातल्या यंत्रावरही तपासता येतं. त्याला कोटीचं मशीन लागत नाही, कॅलिपर ठेवण्याआधी दोन सेकंद थांबावं लागतं. लंडनची फीटल मेडिसिन फाउंडेशन तर बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायचा परवाना देताना तुमची चित्रं मागवून तपासते, आणि नूतनीकरणाला पुन्हा मापं मागते. त्यांचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. तुम्ही म्हणता ना हात डाउनलोड होत नाही, पण हाताची परीक्षा डाउनलोड होते.

काका : परीक्षा द्यायचं वय राहिलं का माझं! असो. पण जास्त माहितीनेही नुकसान होतं, ते तुम्ही लोक कबूल करत नाही. गेल्या आठवड्यात एक पोरगी आली, डोळे सुजलेले. शहरात बाळातले दोष बघायचा अॅनोमली स्कॅन झाला. रिपोर्टात बाळाच्या हृदयात चमकणारा ठिपका. रात्रभर नवरा-बायको मोबाइलवर वाचत बसलेले, की हे मतिमंद बाळाचं लक्षण. मी बघितलं, बाकी बाळ उत्तम. सांगितलं, घरी जा, जेव, झोप.

पुतणी : तुम्ही सांगितलंत ते बरोबर. पण त्याला आधार तुमची नजर नव्हती, संशोधनच होतं. नव्वदच्या दशकात अशा खुणांची लाट आली. हृदयातला ठिपका, मेंदूतली पाण्याची लहानशी गाठ, असं काय काय. तेव्हाचे अभ्यास बरेचसे आधीच धोका जास्त असलेल्या बायकांवरचे होते, म्हणून त्या खुणा भयंकर वाटल्या. पुढे कळलं, की हा ठिपका आशियाई वंशाच्या बायकांच्या बाळांत जास्त दिसतो, निरोगी बाळांत. एकटा असेल आणि रक्ताची जनुकीय चाचणी कमी धोक्याची आली असेल, तर पुढे काही करू नका, असं अमेरिकेतल्या माता-गर्भ तज्ज्ञांच्या संस्थेने २०२१मध्ये स्पष्ट लिहिलं. त्या पोरीने रात्री जे वाचलं ते बहुधा जुन्या अभ्यासांचं उष्टं होतं, तारीख काढून वाढलेलं.

काका : आणि रक्ताची ती चाचणी तिने केलेली नसेल तर? हजारो रुपये लागतात.

पुतणी : तर आधी झालेल्या साध्या चाचण्या बघायच्या, तिचं वय बघायचं, बाकी स्कॅन नीट पुन्हा करायचा आणि तिला समजेल अशा भाषेत धोका सांगायचा. ‘काही नाही, जा’ इतकं सोपं ते मला वाटत नाही.

काका : मला वाटतं. माणूस बघून बोलावं लागतं. त्या रात्री तिला टक्केवारी सांगितली असती तर ती आणखी एक रात्र झोपली नसती.

पुतणी : इथे आपलं जमणार नाही, काका. झोप तिची आहे, तसा निर्णयही तिचाच आहे.

काका : नाही जमलं तर नाही. पण निर्णयाचं काढलंस तर आणखी एक. पुस्तकातले आठवडे वेगळे आणि कायद्यातले वेगळे. परदेशी पुस्तक म्हणायचं, अॅनोमली स्कॅन १८ ते २२ आठवड्यांत करा. आपल्याकडे १९७१च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा २०. बाविसाव्या आठवड्यात दोष सापडला तर ती बाई कोर्टाच्या पायऱ्या चढायची. म्हणून आम्ही अठराव्यातच उरकायचो, दिसलं तितकं दिसलं.

पुतणी : २०२१च्या दुरुस्तीने ते बदललं. बाळात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने. पण तुमचा मुद्दा मला मान्य. परदेशी गाइडलाइन वाचताना आपला कायदा शेजारी ठेवूनच वाचायची. लिंगनिदानाचंही तसंच. शिकायला म्हणून परदेशी व्हिडिओ लावले, की मध्येच ‘मुलगा की मुलगी’ सुरू. तिकडे तो कौतुकाचा भाग, आपल्याकडे गुन्हा. महाराष्ट्राने १९८८मध्ये देशात सर्वांत आधी त्यावर कायदा केला, केंद्राचा १९९४चा नंतर आला. सर्च इंजिनांवरच्या लिंगनिदानाच्या जाहिरातींचा विषय तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. आपल्या क्षेत्रात माहिती शोधणं हेसुद्धा कायद्याच्या नजरेखालचं काम आहे.

काका : तो भाग मला सांगू नकोस. प्रत्येक गर्भवतीचा त्या कायद्याचा फॉर्म एफ भरून हात दुखतो. एक रकाना सुटला तर यंत्राला सील.

पुतणी : आता मी एक विचारते, रागावू नका. सातव्या आठवड्यात आईला ठोक्यांचा आवाज ऐकवता अजून?

काका : ऐकवतो. तिच्या तोंडावर जे दिसतं ना, त्यासाठीच मी हे सेंटर चालवतो. इतकी वर्षं ऐकवलं, कुणाला काही झालेलं माझ्या कानावर नाही.

पुतणी : तो आवाज डॉपलरचा. साध्या चित्रात लहरींची ऊर्जा पसरते, त्या डॉपलरमध्ये ती एका बारीक जागी एकवटते, आणि त्या जागी सातव्या आठवड्याचा गर्भ असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रसूती सोनोग्राफी संस्था, आयसुऑग, सांगते की सुरुवातीच्या आठवड्यांत डॉपलर सरसकट वापरू नका. ठोके एम-मोडने मोजा. त्याचा आवाज येत नाही, पण रेषा उमटते, मिनिटाचा आकडा मिळतो.

काका : पण नुकसान झाल्याचा पुरावा कुठाय? तुम्हीच पुरावा-पुरावा करता.

पुतणी : नाही, माणसांत तसा पुरावा नाही. पण ‘काही होत नाही’ असं सांगणारे बरेचसे अभ्यास जुन्या यंत्रांवरचे आहेत. १९९२मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भाच्या तपासणीसाठी ऊर्जेची मर्यादा चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२०वर नेली, आणि बदल्यात पडद्यावर उष्णतेचा निर्देशांक दाखवायला लावला. म्हणजे पुरावा एका यंत्राचा आणि वापर दुसऱ्याचा. तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘टीआय’ म्हणून बारीक आकडा असतो, तो बघता कधी?

काका : असतो खरा काहीतरी. कंपनीच्या माणसाने सांगितलं नाही.

पुतणी : तो त्याला विकायचा नसतो.

काका : ठीक आहे. रेषा दाखवीन. पण बारा आठवड्यांनंतर आवाज ऐकवणार, ते तू बंद करायला सांगू नकोस.

पुतणी : तेव्हाही निर्देशांक एकच्या आत आणि मोजकी सेकंदं.

काका : बरं, आता तुमच्या त्या नव्या खेळण्याविषयी. आमच्या ग्रुपवर एकाने प्रश्न टाकला, दुसऱ्याने चॅटबॉटला विचारून उत्तर टाकलं, खाली संदर्भांसह. सगळ्यांनी अंगठे दिले. मी संदर्भ शोधायला गेलो, तर असा लेखच नाही!

पुतणी : तुम्ही शोधायला गेलात?

काका : गेलो. त्यात मी नवं-जुनं करत नाही. लेखकाचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून बघितलं. नाव खरं, जर्नल खरं, लेख हवेतला.

पुतणी : मग आपल्यात अंतर फार नाही. तुम्ही त्या उत्तराला जे विचारलंत, तेच मी तुमच्या पुस्तकाला विचारते आणि माझ्या गाइडलाइनलाही. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणावर मोजलं, कसं मोजलं. पीडीएफवर तारीख नसेल तर ती वाचायची नाही. जर्नल पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारं असेल तर तो लेख धरायचा नाही. आयसुऑगने दुसऱ्या तिमाहीच्या स्कॅनची गाइडलाइन २०११मध्ये काढली आणि २०२२मध्ये बदलली. दोन्ही मोफत मिळतात. जुनी हाताला लागली तर ती संस्थेच्या शिक्क्यासकट चुकीच्या वेळी बरोबर वाटते.

काका : चार प्रश्न चांगले आहेत. पण पाचवा राहिला. नंतर काय झालं?

पुतणी : म्हणजे?

काका : तुझे आकडे मुद्रित, संस्थेचे, तपासलेले. पण मी ‘नॉर्मल’ लिहिलेलं बाळ नॉर्मल जन्मलं का? हे कुठल्या जर्नलमध्ये आहे? आमच्या सरांकडे एक वही असायची, आणि ते प्रसूतिगृहांना फोन लावून विचारायचे. मी पहिली काही वर्षं केलं. मग धंदा वाढला, वही राहिली. शिवाय आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. स्कॅन माझ्याकडे, बाळंतपण दुसऱ्याच जिल्ह्यात. ऊसतोडीच्या बायका तर सहा महिने कारखान्यावर. बाळाचं काय झालं ते मला कळतच नाही. कळतं ते फक्त भांडायला आलेल्याचं.

पुतणी : आमच्याकडे तरी कुठे कळतं? पुण्याला रेफर होऊन आलेली बाई रिपोर्ट घेऊन आपल्या गावी जाते. सदोष बाळांचा पाठपुरावा आम्ही करतो. ‘सगळं ठीक’ म्हणून घरी पाठवलेल्यांचा नाही. आणि चूक लपलेली असते ती त्यांच्यातच.

काका : मजा बघ. प्रत्येक गर्भवतीचं नाव, पत्ता, फोन, किती आठवडे, कशासाठी स्कॅन, सगळं फॉर्म एफवर आहे. महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत सरकारला. दोन वर्षं कागद जपून ठेवायचे. देशभर एवढी नोंद होते, आणि रिपोर्ट खरा ठरला का, हा एक प्रश्न त्यात नाही.

पुतणी : तो कायदा लिंगनिदान रोखायला आहे, काका, आपली परीक्षा घ्यायला नाही. त्यात हे घालावं असं मी म्हणणार नाही. धाडीची भीती असलेल्या कागदावर कुणी आपली चूक खरी लिहील का? पण आपली वेगळी वही ठेवायला कोण अडवतंय? स्कॅनच्या वेळीच बाईला विचारायचं, नंतर फोन केला तर चालेल का, आणि माहेरचा नंबर घ्यायचा.

काका : बरं. मी चुकलेल्यांची वही सुरू करतो.

पुतणी : चुकलेल्यांची नको, सगळ्यांची. नुसत्या चुका लिहिल्या तर त्या कितीमधल्या ते कळणार नाही. पाच चुका पन्नासांत की पाच हजारांत, यावर सगळं अवलंबून आहे.

काका : अगं, एवढे फोन करायला माणूस कोण देणार? तू येणारेस पुण्याहून?

पुतणी : सगळे स्कॅन नकोत. फक्त अॅनोमली स्कॅन, तेही वर्षातल्या एखाद्या महिन्याचे. त्या महिन्यातली मात्र एकही बाई सोडायची नाही. पाच-सहा महिन्यांनी, बाळंतपणं झाली की फोन. काही दोष जन्मताच दिसत नाहीत, म्हणून बाळ वर्षाचं झाल्यावर आणखी एक.

काका : आणि माझे आकडे तुझ्या त्या १३ टक्क्यांसारखे निघाले तर?

पुतणी : निघू शकतात. पण कुठला दोष सुटतो ते कळेल. हृदयाचा सुटत असेल तर हृदयाचे छेद पुन्हा शिकायचे, ओठाचा सुटत असेल तर चेहऱ्याला एक मिनिट जास्त. काय वाचायचं ते वहीच सांगेल. आत्ता आपण हाताला लागेल ते वाचतो.

काका : एका अटीवर. तोच महिना तूही धरायचा, तुझ्या हॉस्पिटलचा. आणि दोघांचे आकडे एकाच कागदावर, नावं घालून. तालुक्याचे वेगळे आणि पुण्याचे झाकलेले, असं चालणार नाही.

पुतणी : आमच्या विभागप्रमुखांना विचारावं लागेल.

काका : विचार ना. मला कुणाला विचारायचं नाही, मी सोमवारी सुरू करतोय.